फिल्टरवरचा लाल ठिपका

आमच्या मामांनी तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर बसून कामावरून सुटलेल्या कामगारांच्या पिशव्या तपासल्या. निवृत्त झाल्यावर पिशव्या संपल्या, नजर तीच राहिली. सिलिंडर आला की आधी वजनकाट्यावर चढतो. शिंप्याकडे कापड द्यायचं तर कोपऱ्यात खूण करून. मी सख्खी भाची, तरी घरी जायला निघाले की त्यांचे डोळे माझ्या पर्सकडे जातातच. आधी राग यायचा. आता मी पर्सची चेन उघडीच ठेवते.

गाडीच्या बाबतीत त्यांची एक पद्धत होती. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी बदलायच्या प्रत्येक भागावर मामीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. गाडी परत आली की बघायचं. ठिपका दिसला तर भाग जुनाच ठेवलाय. वीस वर्षांत ठिपका एकदाही दिसला नाही. दुसरा कुणी असता तर मेकॅनिकवर विश्वास टाकून मोकळा झाला असता. मामा म्हणायचे, "मुरलेला आहे. सहजासहजी सापडायचा नाही."

तरीही दर रविवारी सकाळी त्याच मेकॅनिकच्या गॅरेजात, एका जुन्या टायरवर बसून ते दोन-दोन कप चहा प्यायचे. मामी मला म्हणायची, "सगळ्यांशी वाकडं घेऊन झालंय यांचं. हा एवढाच उरलाय. हा गेला की ह्या माणसाला बोलायला कुणी नाही बघ." हसत म्हणायची, पण तिला खरंच काळजी होती.

या महिन्यात मामीला गाडीत बसलं की खोकला यायला लागला. एसी लावला की कुबट वास, आणि पाच मिनिटांत ढास. मामांनी निकाल देऊन टाकला, "मागच्या वर्षी त्यानं एसीची हवा गाळणारा केबिन फिल्टर बदललेलाच नाही." या वेळी ते गॅरेजला गेले नाहीत. नवा फिल्टर विकत आणला, घरीच बदलायचं ठरवलं आणि टॉर्च धरायला मला बोलावलं. टॉर्च हे निमित्त. त्यांना साक्षीदार हवा होता.

पुढच्या सीटसमोरचा कप्पा रिकामा केला. त्यातून चार पेनं, चष्म्याची दोन घरं आणि टायरमधली हवा स्वतः मोजून लिहिलेली एक वही निघाली. दोन्ही बाजू आत दाबल्यावर कप्पा खाली लोंबला. मागे एक अरुंद झाकण होतं. ते काढून मामांनी फिल्टर ओढला, तसा पानांचा चुरा आणि राखाडी धूळ माझ्या मांडीवर सांडली. फिल्टर काळाकुट्ट. त्याच्या कडेला लाल ठिपका.

मामांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. मलाही क्षणभर बरं वाटलं, कबूल करते. वीस वर्षांनी का होईना, ह्यांचा संशय खरा निघाला होता.

त्यांनी तिथेच गुडघ्यांवर बसून फोन लावला. "माझ्या बायकोच्या छातीत धूळ भरलीस," म्हणाले. "वीस वर्षं चहा पाजून फसवत होतास." आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

अर्ध्या तासात मेकॅनिक दारात आला. खांद्यावर गोणी. नमस्कार नाही, काही नाही. त्यानं ती गाडीशेजारी फरशीवर ओतली. ऑइल फिल्टर, ब्रेकचे पॅड, स्पार्क प्लग, तुटके पट्टे. प्रत्येकावर लाल ठिपका, जुन्यांवरचा तपकिरी पडलेला. ढिगातून त्यानं एक मळका केबिन फिल्टर उचलला.

"मागच्या वर्षी काढला तो हा."

"मग माझ्या हातात काय आहे?" मामांनी विचारलं.

"तो तुम्हीच आणला होता, साहेब. माझ्या दुकानातला नको म्हणालात. मी बदलून हलका घालीन म्हणून नव्यावर माझ्यासमोर ठिपका दिलात. तोच बसवलाय. गाडी वर्षभर झाडाखाली उभी असते, काळा होणारच."

मामी दारातून म्हणाली, "खरंय त्याचं. बाटली त्याच दिवशी संपली होती माझी."

मामांनी ढिगातला एक प्लग उचलून त्यावरचा ठिपका नखानं खरवडून पाहिला. आता माफी मागतील, असं मला वाटलं. आमच्या मामांना मी अजून पुरतं ओळखत नव्हते.

"हे सगळं जपून का ठेवलंस?"

"तुम्ही एक दिवस चोर म्हणणार, हे पहिला ठिपका दिसला तेव्हाच कळलं होतं."

"म्हणजे वीस वर्षं तू माझ्यावर संशय घेत होतास?" मामांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

"हो," तो म्हणाला. "तुमच्याशेजारी बसून चहा पीत होतो आणि आजच्या दिवसाची वाट बघत होतो. आता गाडी दुसरीकडे दाखवा." रिकामी गोणी झटकून त्यानं काखेत मारली आणि तो गेला.

मला मामांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी नवा फिल्टर खोक्यातून काढला. हवेच्या दिशेचा बाण खाली येतोय ना, हे दोनदा पाहिलं. मग सवयीनं खिशातली नेलपॉलिशची बाटली उघडली, ब्रश फिल्टरच्या कडेपाशी नेला आणि तसेच थांबले.

"आता हा कुणासाठी लावू?" त्यांनी मामीला विचारलं.

मामीनं त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि झाकण लावलं.