भन्ते म्हणतात

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं होतं, पण लोअर परळच्या आमच्या चाळीत तेवढंही दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्यामुळे परदेशी पाहुणे येणार असं ठरलं तेव्हा दुभाष्या कोण, यावर चर्चाच झाली नाही. मी एका कचेरीत टायपिस्ट होतो आणि अंगात नको तितकी अक्कल होती. वासरात लंगडी गाय शहाणी, ही म्हण आपल्यालाही लागू पडते हे मला फार उशिरा कळलं.

आम्हाला बौद्ध होऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं. चाळीच्या भिंती मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी रंगल्या होत्या आणि तळमजल्यावरच्या व्यायामशाळेचं विहार झालं होतं. पाहुणे म्हणजे सिलोनचे एक भन्ते, ब्रह्मदेशातले दोन गृहस्थ आणि एक पांढऱ्या केसांची युरोपियन बाई. नव्याने बौद्ध झालेली माणसं धम्म कशी जगतात, हे त्यांना आमच्याच तोंडून ऐकायचं होतं. ज्यांच्या घरात हा धम्म पिढ्यान्‌पिढ्या नांदला त्यांना तो आम्ही सांगायचा. यात चाळीतल्या कुणाला काही वावगं वाटलं नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेसाठी आणलेली बाकं आणि कर्णा आम्ही आणखी दोन दिवस ठेवून घेतला.

बोलायचं माझ्या वडिलांनी, असं ठरलं. ते गिरणीत मागावर होते. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते बोलत मोठ्याने, पण बोलत कमी. त्यांचं भाषण मी लिहून काढलं. त्यात समता होती, विज्ञान होतं, विश्वबंधुत्व होतं. त्याचं इंग्रजीही मी पाठ करून ठेवलं. वडिलांनी भाषण दोनदा ऐकलं आणि मान डोलावली.

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. दीक्षेनंतर वडिलांनी घरातले देव वरळीच्या समुद्रात सोडले होते. एक मागे राहिला होता. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला, अंगठ्याएवढा देवीचा टाक. आईने तो फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवला होता. रोज सकाळी ती आमच्याबरोबर त्रिशरण म्हणायची आणि मग स्टोव्हकडे वळता वळता डब्याच्या झाकणावर हात ठेवायची. मला हे माहीत होतं. वडिलांना माहीत नसावं असं मी धरून चाललो होतो. माझ्या आधीची तिची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. मी जगलो तो या देवीच्या नवसाने, असं ती मानायची. एवढ्याशा पत्र्याचे माझ्यावर उपकार आहेत, या कल्पनेनेच माझं डोकं फिरायचं.

सभेला वडील उभे राहिले. खिशातून माझा कागद काढला आणि घडी न उघडताच परत ठेवला.

"भन्ते, माझ्या पोरानं भाषण लिवून दिलंय. चांगलं हाय. पन मला एक विचारायचंय. आमच्यात एक घर हाय. त्या घरातल्या बाईनं एक देव लपवून ठेवलाय. बाई चांगली हाय, पंचशील पाळती. घरधन्याला समदं ठावं हाय, पन तो बोलत न्हाई. सा म्हैनं झालं. त्यो गप बसतो ते चूक का बरोबर? तुमी जुनं बौद्ध, म्हनून इचारतो."

आई बायकांच्या रांगेत बसली होती. तिने पदर सारखा केला आणि मान खाली घातली. बाकी कुणाला काही उमगलं नाही. जो तो शेजाऱ्याच्या घराचा अंदाज बांधत होता.

पाहुणे माझ्याकडे पाहत होते. देशोदेशीची माणसं धम्म ऐकायला आली आणि वडिलांनी त्यांच्यापुढे तांदळाचा डबा उघडला. मला शरम वाटली. मी पाठ केलेलं सगळं इंग्रजीत म्हणून टाकलं आणि शेवटी पदरचा एक प्रश्न जोडला: जगातल्या बौद्धांनी आमच्याकडे कसं पाहावं? युरोपियन बाई भराभर वहीत लिहून घेत होत्या. भन्ते सावकाश उत्तर देत होते. तुम्ही उशिरा आला नाहीत, तुमच्याकडून आम्हालाच शिकायचं आहे, असं काहीसं ते म्हणाले. उत्तर सुरेख होतं, पण ते मराठीत सांगून भागणार नव्हतं. वडील अजून उभेच होते.

"भन्ते म्हणतात," मी कर्ण्यावर सांगितलं, "अशी वस्तू घरात ठेवू नये. कळली त्याच दिवशी पाण्यात सोडायला हवी होती."

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. ते वाक्य माझ्याकडे कित्येक महिने तयार होतं, फक्त म्हणायला भन्ते मिळाले. वडिलांनी हात जोडले आणि ते खाली बसले. पुढे त्या बाईंच्या देशातल्या एका मासिकात आमच्या चाळीवर लेख आला. माझी सगळी वाक्यं त्यात वडिलांच्या तोंडी होती, आणि आई ते कात्रण आल्यागेल्याला दाखवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहुण्यांना दादरच्या सभेला घेऊन निघालो. रात्रभर मनाला काहीतरी टोचत होतं. टॅक्सीत मी भन्तेंना म्हटलं, काल वडिलांचा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. तो प्रश्न मी त्यांना नीट, जसाच्या तसा सांगितला. ते हसले. त्यांच्या गावच्या विहारात बुद्धाच्या शेजारच्या खोलीत एक देव होता. त्यांची आई आधी बुद्धाला फुलं वाहायची आणि मग त्या खोलीत जायची. तिला कधी कुणी अडवलं नाही. "वडिलांना सांगा," भन्ते म्हणाले, "ते गप्प राहिले हे त्यांनी बरोबर केलं."

संध्याकाळी मी जवळजवळ धावतच जिना चढलो. आई परातीत तांदूळ निवडत बसली होती. डबा घासून पालथा घातलेला होता.

"सोडलास?" मी विचारलं.

"सकाळीच. वरळीला जाऊन आले. तुझं बाबा नको म्हणत व्हतं, ऱ्हाऊ दे म्हणालं. म्या म्हटलं, समुद्र वलांडून मानूस आला, त्याचा शबुद कसा मोडायचा?"

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. जिन्यावर तसं ठरवूनही आलो होतो. पण टाक काही परत येणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी भ्यालो. आईने परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"भन्तेंना ठावं व्हतं का रं, त्यो तुज्यासाठी ठेवला व्हता ते?"

"नाही," मी म्हणालो.

"तरीच. ठावं असतं तर त्यांनी न्हाई सांगितलं असतं."

तिने डबा उताणा केला. मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो आणि तिने त्यात तांदूळ ओतले.