एका कर्मचाऱ्याचे काम वाचते

"त्याच्यावर कायले चिडता काका? तुमी जे सांगतलं, तेच तो करून राह्यला."

तो म्हणजे कॉम्प्युटर. आमच्या मंगरूळपीरच्या कार्यालयात कुणी की-बोर्डवर हात आपटला की ती मान न वळवता हे म्हणायची. मग उठून यायची आणि ओढणीच्या टोकाने पडद्यावरची धूळ सावकाश पुसायची. धूळ पुसून बिघाड जात नाही हे तिलाही माहीत होतं. पण तेवढ्या वेळात चिडलेला माणूस गप्प व्हायचा.

कार्यालय कुठल्या खात्याचं ते सांगत नाही. तुम्ही कधी ना कधी अशा खिडकीपुढे उभे राहिला असालच आणि "उद्या या" ऐकून परतही गेला असाल. आमच्याकडे ते म्हणणारा मी, वरिष्ठ लिपिक. ती कंत्राटी डेटा ऑपरेटर. तिला चांगलं नाव होतं, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला ऑपरेटरच म्हणायचे. मीही.

इंझोरीहून एसटीने यायची. मुलीला सोबत आणायची, कारण तिला इथल्या शाळेत घातलं होतं. नोकरी अकरा महिन्यांची. दरवर्षी फाइल वर जायची, मुदतवाढ मिळाली की मुलीचं पुढचं वर्ष पक्कं. पोहरादेवीच्या यात्रेत गाड्या गच्च भरून यायच्या, तेव्हा दोघी मायलेकी उभ्याने यायच्या, पण वेळेवर यायच्या. आम्ही गावातच राहणारे तिच्यानंतर पोचायचो.

दर महिन्याला तालुक्यातल्या प्रत्येक गावाहून लाभार्थ्यांची यादी येई आणि त्या सगळ्यांची एक यादी करून आम्हाला वर पाठवावी लागे. एका गावची यादी आडनावापासून सुरू, दुसऱ्याची गावाच्या नावापासून. एका महाभागाने तर यादीच्या मधोमध सहीसाठी जागा सोडून खाली 'आपला विश्वासू' टाइप केलं होतं. तीन माणसं आठवडाभर हे निस्तरत बसायची, जेवणं टेबलावर तशीच राहायची.

एक दिवस ती म्हणाली, "काका, आपल्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरले एक जोड लावू का? एक्स्टेंशन म्हंतात. मंग त्याच्यात स्क्रिप्ट, म्हंजे कामाच्या सूचना, लिहिता येते. ह्या याद्या त्याचा तोच जोडन."

"किंमत?"

"फुकट हाये."

फुकट म्हटल्यावर पंचाईत झाली. फुकटच्या वस्तूची तीन कोटेशनं कशी मागवायची? शिवाय व्हायरस आला तर जबाबदार कोण? मी तिला रीतसर अर्ज करायला लावला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि दोन आठवडे तो माझ्याच टेबलावर ठेवला. तिने रोज सकाळी फक्त एकदा त्याच्याकडे बघितलं. शेवटी माझीच मला लाज वाटली आणि मी साहेबांची सही आणून दिली.

जोडणी लावायला पाच मिनिटंही लागली नाहीत. फाइल तिने घरून पेन ड्राइव्हमध्ये आणली होती. मेनूमधून एक्स्टेंशनची खिडकी उघडली, फाइल दाखवली, सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं. मग मॅक्रोची, म्हणजे अशा स्क्रिप्टवरची, सुरक्षा एक पायरी खाली आणली. "नाईतर तो आपलंच लिहिलेलं आपल्याले चालू देत नाही," ती म्हणाली. आमच्या खात्यासारखंच, असं मी म्हणालो आणि ती खळखळून हसली. तिला हसताना मी बहुधा तेव्हाच पाहिलं.

स्क्रिप्ट लिहायला मात्र तिला दोन महिने लागले. प्रत्येक गावचा विक्षिप्तपणा तिने वहीत उतरवून घेतला होता. 'आपला विश्वासू' वगळण्यासाठी वेगळी ओळ होती. मग एका सकाळी तिने बटण दाबलं आणि आमचा चहा संपायच्या आत आठवड्याचं काम उरकलं. शेवटी पडद्यावर एक चौकट आली. तीत लिहिलं होतं, "झालं. आता जेवून घ्या."

साहेब खूश झाले. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांनी हा 'आपला उपक्रम' दाखवला आणि टाळ्या घेऊन आले. तिचं नाव त्यात नव्हतं, हे मला खटकलं. म्हणून मुदतवाढीची फाइल आली तेव्हा मी मनापासून टिपणी लिहिली. तिची हुशारी, तिची शिस्त. आणि आपल्याला काय छान सुचलं असं वाटून शेवटी एक वाक्य घातलं: 'सदर कार्यप्रणालीमुळे दरमहा एका कर्मचाऱ्याचे काम वाचते.'

टिपणी टाइप करायची तीच. त्या वाक्याशी आल्यावर तिचे हात थांबले.

"काका, हे वाक्य ठेवाच लागते का?"

"अगं, तुझ्याच फायद्याचं आहे. वजन पडतं."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि टाइप केलं. तीस वर्षं टिपण्या लिहिणाऱ्या मला जे दिसलं नाही, ते तिला तिथेच दिसलं होतं.

फाइल वरून परत आली. माझ्या त्याच वाक्याखाली हिरव्या शाईची रेघ होती आणि समासात शेरा: 'मग त्या कर्मचाऱ्याची आवश्यकता काय?' मुदतवाढ नाकारली. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्हीच तर लिहिलंय." खरंच होतं.

शेवटच्या दिवशी तिने सगळ्या कॉम्प्युटरचे पडदे पुसले. मुलीचा शाळेचा दाखला त्याच दुपारी काढला होता, तो पिशवीत होता. आम्ही निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही, कारण कंत्राटी माणसाला तो द्यायची पद्धत नाही. मी हे अभिमानाने सांगत नाही.

ती गेल्यावरही दर महिन्याला चौकट येत राहिली आणि लोक तिचं ऐकून जेवायला उठत राहिले.

मग नवे कॉम्प्युटर आले. त्यात जोडणी नव्हती, स्क्रिप्ट चालेना, याद्यांचा ढीग साचला. साहेब म्हणाले, "त्या ऑपरेटरला फोन लावा." लाज गुंडाळून मी लावला. ती आता मानोरा गावात एका झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून देते.

"लिहून घ्या काका," ती म्हणाली. एकेक पायरी तिने न चिडता सांगितली. मी दोनदा चुकलो, तिने दोनदा सांगितलं. अखेर बटण दाबलं.

"चौकट आली का?"

"आली."

"मंग जेवून घ्या."

मला राहवलं नाही. "पोरी, ते वाक्य मी लिहायला नको होतं. माझ्यावर राग असेल तर बोल."

तिकडे झेरॉक्सच्या यंत्राचा आवाज येत होता.

"तुमच्यावर कायले चिडू काका? तुमाले जे सांगतलं, तेच तुमी केलं."

फोन ठेवला गेला.

पण ते वाक्य मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं होतं. चौकटीवरचं 'ओके' मी बराच वेळ दाबलं नाही. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.