मेन बंद आहे का?

फिटरबाई काही जन्माची फिटर नव्हती. नवरा आणि थोरले दीर मिळून गाड्यांच्या फाटकांवर आपोआप वरखाली होणारे बॅरिअर बसवायचे, आणि ही दोघांचे डबे भरायची. एवढाच काय तो तिचा त्या धंद्याशी संबंध.

एकदा एका गोदामाच्या फाटकावर दांडा अर्ध्यात अडकला. नवऱ्याने मोटरची पेटी उघडली आणि दांड्याखाली वाकून विचारलं, "दादा, मेन बंद केलास ना?"

"केलाय रे, घाल हात," दीर म्हणाले.

केला नव्हता. मेन बंद केला असता तर शेजारचं फाटकही थांबलं असतं, ट्रकांची रांग लागली असती आणि मालकाची बोलणी खावी लागली असती. आत हात घालताच मोटर फिरली आणि दांडा सणकन नवऱ्याच्या खांद्यावर आला. हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर म्हणून कधी गेला नाही.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दीर सांगत होते, "मी बजावलं होतं, आधी मेन बंद कर म्हणून. पण ऐकतोय कोण!"

नवऱ्याने तिला तापाच्या गुंगीत खरं सांगितलं आणि शुद्धीवर आल्यावर बजावलं, "विषय काढायचा नाही. भाऊ आहे."

तिने विषय काढला नाही. पक्कड काढली.

नवरा स्टुलावर बसून सांगायचा, ती हात चालवायची. काँक्रीट पुरतं वाळल्याशिवाय पेटी उभी करायची नाही. खाली गाडी असताना दांडा उतरू नये म्हणून रस्त्यात खाच पाडून गाडी ओळखणारी तार पुरायची. पायी येणाऱ्यांना वेगळी वाट द्यायची. आणि स्प्रिंगचा ताण उतरवल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. लोक हसायचे, "बाईमाणूस दांडे उभे करणार!" ती म्हणायची, "उभे कोण करतंय? आडवेच असतात ते."

हळूहळू कामं मिळू लागली. दिरांचं काम जिथे असेल तिथे ती मुद्दाम वाकडी वाट करून जायची, आणि काय चुकलंय ते मालकाला दाखवून यायची. जाऊबाईंनी बोलणं टाकलं. हिने ते उचललंही नाही.

मग एका दवाखान्याच्या फाटकावर दिरांनी लावलेला दांडा स्कूटरवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हेल्मेटवर आदळला. म्हातारा वाचला, बॅरिअर बदलायचं ठरलं. मॅनेजरने फिटरबाईला बोलावलं.

"बसवते," ती म्हणाली. "पण जुना दांडा ज्याने लावला त्यानेच उतरवायचा. मेनजवळ मी उभी राहीन."

दीर आले. यावंच लागलं, कारण दवाखान्याची बाकीची कामं अजून त्यांच्या हातात होती. चौकीदार, दोन ड्रायव्हर आणि मॅनेजर बघत होते. फिटरबाई आत खोलीत गेली, मेन पाडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि बाहेर येऊन दारात उभी राहिली. दीर वाकले. हात पेटीत घालता घालता थांबले.

"मेन बंद आहे का?"

तिने पदर खोचला.

"अगं, विचारतोय मी!"

ती रस्त्याकडे बघत राहिली. दिरांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. पुसायलाही त्यांचा हात उठेना.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "ह्यांनीही असंच विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत?"

"बंद केलाय म्हणालो."

"आणि होता?"

चौकीदाराने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दीर पुटपुटले, "नव्हता."

"मोठ्यांदा बोला. ओरडून ह्यांची बदनामी केलीत, तेवढ्याच मोठ्यांदा."

"नव्हता! चालू होता! झालं समाधान?"

"बंद आहे मेन. कुलूप घातलंय. काढा दांडा," ती म्हणाली आणि आत जाऊन पाणी प्यायली.

नवं बॅरिअर तिने आठवडाभर खपून बसवलं. चालू करण्याआधी खाली रिकामी खोकी ठेवून, मग हातगाडी उभी करून पुन्हा पुन्हा तपासलं. दिरांची दवाखान्यातली उरलेली कामंही गेली. पुढे त्यांनी धंदाच सोडला आणि पंपांचं दुकान टाकलं.

नवऱ्याला ते आवडलं नाही. "चारचौघांत घाम फोडलास दादाला. काय मिळालं?"

"तुमचा शब्द खरा ठरला."

"मला नको होता तो."

"मला हवा होता," ती म्हणाली आणि त्याच्या दुखऱ्या खांद्याला तेल चोळू लागली. नेहमीपेक्षा जरा जोरानेच.