खरेदीचं नाव

आपलं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून जन्मभर झटलेला माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो आमच्या अक्काचा थोरला दीर होता. सगळे त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही अप्पाच म्हणे. कमलनगर स्टेशनाजवळ कापसाची एक जिनिंग कंपनी होती, तिच्या खरेदी खात्याचे ते प्रमुख. कापूस सोडून कंपनीला जे जे लागे ते आणायचं, हे त्यांचं काम. यंत्रांचे पट्टे, गठाणी आवळायच्या लोखंडी पट्ट्या, बारदान, दोर, वंगण, कंदिलाच्या काचा. बाकीचे खातेवाले आपली वाहवा व्हावी म्हणून मॅनेजरच्या अवतीभवती घोटाळत. अप्पांचं सगळंच उलटं. "ज्या दिशी खरीदीचं नाव कुनी काढलं न्हाई, त्या दिशी खरीदी बरी चालली," ते म्हणत. "नाव निघालं की समजायचं, कुठंतरी कायतरी कमी पडलंय." खात्याचं काम मोजायचं त्यांच्याजवळ हे एवढंच माप होतं, आणि ते रोज लावून बघितल्याशिवाय ते घरी जात नसत.

म्हणजे काय करत, तर कामाची वेळ संपत आली की हात पाठीमागे बांधून सरकी काढायच्या सगळ्या जिनांमधून फिरत. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा पाय मोकळे करतोय. खरं तर ते कान देऊन ऐकत असत. एकदा एक फिटर दुसऱ्याला "पट्टा तुटला" म्हणाला, तसे अप्पा जागीच थबकले. "कामून रे? पट्ट्याचं नाव कामून काढायलास?" तो घाबरून म्हणाला, "न्हाई अप्पा, कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बोलायलो." अप्पांनी ते कुत्रं कुणाचं, कुठं असतं, एवढी चौकशी केली आणि मगच पुढं गेले. दिवसभरात नाव निघालं नसेल, तर कचेरीत येऊन कपाळावरची विभूती बोटाला घेत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर एक रेघ ओढत. सणासुदीला सुद्धा त्यांचा चेहरा इतका खुलत नसे.

ते दोराशी कानडीत बोलत, माणसाशी मराठीत आणि कागदाशी उर्दूत. दोर घेताना आधी त्याचा वास घेत, मग दातात धरून ओढत, आणि मग त्याची कानडीत काहीतरी समजूत घालत. कंदिलाची काच घ्यायची तर उदगीरच्या दुकानदारासमोर पहिली काच मुद्दाम हातातून सोडत. "फुटायचीच हाय, तर कशी फुटती ते बघू." मोठे तुकडे झाले तर माल चांगला, भुगा झाला तर वाईट. त्यांना लांबून येताना पाहिलं की तो दुकानदार म्हणे पोराला आत पाठवून काचा लपवायला सांगे. घरीही हाच जाच. अक्काच्या लग्नानंतर मी तिच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तर आमटी अळणी. मी मीठ मागणार तोच अक्कानं डोळ्यांनी मला गप्प केलं. मीठ अप्पा आणत, आणि मिठाचं नाव निघालं असतं तर ते जेवणावरून उठले असते. त्या घरात सगळेच अळणी आमटी निमूटपणे खात होते, आणि अप्पा समाधानानं सगळ्यांकडे बघत होते.

पोलिस ॲक्शन झाली, निजामी गेली आणि कंपनीच्या हैदराबादच्या कचेरीत मुंबई इलाख्यातले एक नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. फक्त जे मोजता येत नाही ते असतच नाही, असं त्यांना मनापासून वाटे. खरेदी खात्याचं काम मोजण्यासाठी त्यांनी एक तक्ता पाठवला: मागणी कधी झाली, माल कधी आला, मध्ये किती दिवस गेले. आता आमच्याकडे तोवर निजामाचं फसली साल चालायचं. त्याचा पहिला महिना आजूर, तो पडायचा ऑक्टोबरात. मागणीच्या चिठ्ठ्यांवर तारखा फसली, आणि माल आल्याच्या रेल्वेच्या पावत्यांवर इंग्रजी. जुन्या तारखा इंग्रजीत फिरवून तक्ता भरायला एक उर्दू जाणणारा माणूस हवा होता. अक्कानं शब्द टाकला आणि अप्पांनी मला तिथं लावून दिलं. नोकरी कच्ची होती, काम बघून पक्की करणार होते. घरी बायकोचे दिवस भरत आले होते आणि मला दुसरीकडे कुठंही काम मिळत नव्हतं.

चिठ्ठ्यांवर महिना नावानं नसे, आकड्यात असे. आजूर म्हणजे एक, दै म्हणजे दोन. पहिल्या काही चिठ्ठ्या मी नीट फिरवल्या. मग कंटाळलो. चिठ्ठीवरचा आकडा जसाच्या तसा उतरवत गेलो आणि शेवटी झोकदार अक्षरात लिहिलं, 'सर्व तारखा इंग्रजी केल्या आहेत.' खाली सही केली. आळस, दुसरं काही नाही.

साहेब स्वतः कमलनगरला आले. अप्पांना समोर बसवून त्यांनी तक्ता उघडला. मी शेजारीच उभा होतो.

"हा पट्टा मागितला पाच-एकला आणि आला दोन-अकराला. दहा महिने?"

तो पट्टा खरं तर तीन आठवड्यांत आला होता. पाच-एक म्हणजे पाच आजूर.

"बरं, उशीर एक वेळ समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण हे बारदान मागितलंय दहा-अकराला आणि आलंय सहा-नऊला. मागण्याच्या दोन महिने आधी. असं पानापानावर आहे. म्हणजे गरज नसताना माल घ्यायचा आणि मागाहून चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या, असं चालतं का इथं?"

अप्पांनी तक्ता हातात घेतला. सवयीनं नाकाजवळ नेला, वास घेतला. मग दोन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मलाही त्याच क्षणी कळलं: फसलीचा अकरावा महिना ऑगस्टात पडतो.

"सही याची दिसते. पण तारखा कुणी दिल्या याला?" साहेबांनी विचारलं.

मी बोलायला हवं होतं.

"म्या सांगितल्या, साहेब," अप्पा म्हणाले. "पाव्हन्यानं नुसत्या उतरून काढल्या."

"मग तुमचा खुलासा काय?"

"खुलासा न्हाई."

खरेदी खातं त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायला बसवलं. साऱ्या कमलनगरात बोभाटा झाला की अप्पांनी खोट्या चिठ्ठ्या केल्या. दुसऱ्या दिवशी मी फाटकावर गेलो. म्हटलं, "अप्पा, मी साहेबांना सांगून येतो."

"काय सांगशील? तुला कशापायी ठिवलंय हितं? तारखा फिरवायलाच ना? सांगितलंस की तू घरी. बायको बाळंत व्हायलीय तुझी. माझं काय, माझी पोरं हाताशी आल्यात."

"पण तुमचं नाव..."

"व्हय," ते म्हणाले. "तेवढं वंगाळ झालं. इतकी वर्सं निघू दिलं नव्हतं."

मी साहेबांकडे गेलो नाही. अप्पांनी अडवलं म्हणून गेलो नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्यांनी अडवलं याचं मला बरं वाटलं होतं. महिनाभरात माझी नोकरी पक्की झाली.

नव्या खरेदीवाल्याचे तक्ते फार सुरेख असत. जिनांमधून मात्र दिवसभर ओरड असे, खरेदीनं हे आणलं नाही, खरेदीनं ते धाडलं नाही. फाटकावर बसलेल्या अप्पांच्या कानावर ते जाई, आणि दर वेळी ते मान वर करून बघत. एक हंगाम त्यांनी तसा काढला आणि मग ठाणाकुशनूरला आपल्या शेतावर निघून गेले. तिथंच वारले. खाटेवरही दोराची वीण चाचपत असत, असं अक्का सांगायची.

कचेरी आवरताना त्यांचं जुनं फसली कॅलेंडर मला सापडलं. विभूती बरीचशी झडली होती, पण रेघा कळत होत्या. रेघ नसलेली तारीख शोधावी लागत होती. त्यांच्या कामाचा सगळा तक्ता तोच होता, आणि तो साहेबांना कुणी दाखवला नाही. मीही नाही.

आता अक्का नाही, अप्पांची पोरं लांब गेली, कमलनगरात त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नाही. त्यांचं नाव कुणी काढत नाही, म्हणजे त्यांच्या मापानं सगळं ठीक चाललंय. एक माझ्याच घरी ते अजून निघतं. आमटी अळणी झाली तरी मी मीठ मागत नाही, आणि बायको कामून म्हणून विचारते, तेव्हा त्यांचं नाव घ्यावं लागतं. कुठंतरी कायतरी कमी पडलंय, आणि ते कुणी कमी पाडलं हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.