सिस्टर लिमचा म्हातारा पिवळा बैल

मँचेस्टर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझ्या बॅगेतून हळदीचं पुडकं बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "हे एवढं कशासाठी?"

"मावशीसाठी," मी म्हणालो.

त्याने पुडक्याकडे पाहिलं, मग दोन किलो भडंगाच्या पिशवीकडे, मग माझ्याकडे. त्याच्याही घरी कुणी मावशी असावी. "जा," म्हणाला.

बाहेर पिवळी ट्राम उभी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा विमानतळाला ट्राम नव्हती. मावशीचे यजमान, वसंतकाका, गाडी घेऊन न्यायला आले होते. त्यांनी माझी बॅग स्वतः उचलली होती आणि मी, चोवीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी, ती त्यांना उचलू दिली होती. या वेळी बॅग माझी मीच ओढली. काका जाऊन दोन वर्षं झाली. शालूमावशी चॉर्लटनचं घर सोडून लंडनला, पिनरमध्ये मुलाकडे राहायला निघाली होती, आणि सामान बांधायला सांगलीहून मी.

बोलावलं मावसभावाने, निखिलने. त्याचा जन्म इथलाच, त्यामुळे त्याच्या मराठीत लिंगं पाहुण्यांसारखी बसतात, कुठेही. फोनवर म्हणाला, "दादा, तू ये. आई माझा काही ऐकत नाही. ॲण्ड वन मोर थिंग. त्या सिस्टर लिमशी आई बोलतच नाही. टू यिअर्स! समोरासमोर राहतात. जायच्या आधी यांचा काहीतरी सॉर्ट आउट कर ना, प्लीज."

"भांडण कशावरून?"

"बाबांच्या फ्युनरलला तिने सगळ्यांसमोर त्यांना बैल म्हटलं. आई उठून निघूनच गेली."

मी सांगलीत लग्नं, मुंजी, साठीशांत्या आणि सत्कार यांचं सूत्रसंचालन करतो. व्याह्याव्याह्यांतली भांडणं मी माइकवरून मिटवली आहेत. मला हे काम म्हणजे देवाने स्वतः पाठवलेली सुपारी वाटली.

चॉर्लटनच्या स्टॉपवर उतरलो. विटांची लाल घरं, हातभर बागा, अंगणाबाहेर तीन रंगांचे कचऱ्याचे डबे. मावशीने दार उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तरी पाठ ताठ. तिने मला नखशिखांत पाहिलं. "मुकुंदा, तू एकटाच आलास ना? सामान तिघांचं दिसतंय."

घरभर खोकी होती. स्वयंपाकघरातलं खिडकीजवळचं टेबल मात्र जागेवर होतं आणि ते पाहून मी क्षणभर चोवीस वर्षांचा झालो.

कारण त्या टेबलावर मी एक संपूर्ण उन्हाळा एका खेळात घालवला होता. खेळ मावशीचा आणि सिस्टर लिमचा. काका डॉक्टर होते त्याच हॉस्पिटलात सिस्टर लिम नर्स; मूळची मलेशियातली, चिनी घरातली. राहायची समोरच. रविवारी दुपारी ती चहाला आली की दोघी खिडकीशी बसायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना नावं ठेवायच्या. सिस्टर लिमने चिनीत ठेवायचं, मावशीने मराठीत, अर्थ इंग्रजीत सांगायचा, आणि जे जास्त झोंबेल ते जिंकलं.

कोपऱ्यावरचा दुकानदार दिसला की सिस्टर म्हणायची, "लोखंडी कोंबडा! एक पीस उपटता येणार नाही." मावशी म्हणायची, "कवडीचुंबक." कौन्सिलचे एक गृहस्थ जात. कालच्या सभेत एकीकडे, आजच्या सभेत दुसरीकडे. सिस्टर म्हणे, "भिंतीवरचं गवत." वारा येईल तिकडे झुकणारं. मावशी म्हणे, "गंगा गये गंगादास, जमना गये जमनादास." सिस्टर बोट वर करी. "हे हिंदी आहे. फाउल!" हॉस्पिटलच्या एका अतिगोड मॅनेजरबाईंना त्या 'हसऱ्या तोंडाची वाघीण' म्हणत. त्या बाई एकदा खरोखर चहाला आल्या तेव्हा मी इतका घाबरलो की बिस्किटांची बशी घेऊन मागच्या बागेत पळालो.

आणि मी? मी दिवसभर इंग्लंडच्या राजकारणापासून पावसापर्यंत सगळ्यावर बोलत असे. सिस्टर लिमने आठव्या दिवशी निकाल दिला. "हा म्हणजे अर्धी भरलेली व्हिनेगरची बाटली. भरलेली बाटली आवाज करत नाही, अर्धी डुचमळते." मावशी हसून हसून टेबलावर पडली. "उथळ पाण्याला खळखळाट फार! अगं, हे तर आमच्याकडे जसंच्या तसं आहे!" मी दोन्ही भाषांत एकाच दिवशी पास झालो.

काका या खेळात नसत. ते मागे ओट्याशी भांडी घासत असत. कुणीही काहीही काम सांगावं आणि त्यांनी हो म्हणावं. मावशी त्यांना तोंडावर 'नंदीबैल' म्हणे. ते साबणाच्या हातांनी मान हलवून दाखवत.

दुसऱ्या दिवशी मी शहरात जायचं निमित्त काढलं. चायनाटाउनच्या रंगीत कमानीखालून गेलो, एका बेकरीत शिरलो. काचेमागे अंड्याचे पिवळेधमक टार्ट मांडले होते. रिकाम्या हाताने सिस्टर लिमकडे जाण्याची माझी छाती नव्हती. "सहा द्या," मी म्हणालो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कुणासाठी, लव्ह?" इथे सगळ्यांना लव्ह म्हणतात, हे आठवायला मला थोडा वेळ लागला, तेवढ्यात मी लाजून सहाचे आठ करून टाकले होते. परतीच्या ट्राममध्ये खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं. एक आजी चढल्या, मी अदबीने सरकलो, आणि खोक्यावरच बसलो.

सिस्टर लिमने दार उघडलं. ती आणखी लहानखुरी झाली होती, डोळे मात्र तसेच. "जाड झालास," ती म्हणाली. मग खोकं पाहिलं. "हे तू आणलंस, की यावर बसून आलास?"

"दोन्ही."

"आत ये."

तिने मला काही विचारलं नाही. एक संत्रं सोललं, प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे काढले आणि बशी माझ्यापुढे सरकवली. 'सुरीचं तोंड, टोफूचं काळीज' असा एक शब्द तिनेच मला पूर्वी शिकवला होता. (टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, बोट लावलं तर खड्डा पडेल इतकं मऊ.) आपण ज्याला फणस म्हणतो तो माणूस. शिकवणारी बाई त्या शब्दाचा नमुना होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मी धीर करून विचारलं, "काकांना तुम्ही बैल म्हणालात?"

"लाओ-ह्वांग-न्यू," ती म्हणाली. "म्हातारा पिवळा बैल. जो मान खाली घालून ओढत राहतो आणि कुणाला सांगत नाही. माझ्याकडे याहून मोठा शब्द नाही. असता तर तो दिला असता."

मग तिने सांगितलं. नाताळच्या दिवशीची ड्यूटी कुणालाच नको असते. काका ती दरवर्षी मागून घेत, म्हणजे बाकीच्यांना घरी मुलांबरोबर जेवता यावं. सिस्टर लिमही घेत असे. तिला सुट्टी चिनी नववर्षाला हवी असे. "तुझ्या काकांना दिवाळीला हवी असणार, असं मला वाटायचं. मग कळलं, दिवाळी त्यांनी कधी मागितलीच नाही. एका नाताळच्या सकाळी एक म्हातारा पेशंट जायला टेकला होता. मुलगा लांबून निघाला होता. डॉक्टरांचं काम संपलं होतं, त्यांना जाता आलं असतं. ते त्याचा हात धरून बसले. मुलगा दुपारी पोचला. तोवर बसले. मग उठून आले आणि डबा उघडला. तुझ्या मावशीचा डबा. थालीपीठं. अर्धी ते खायचे, अर्धी मला द्यायचे. जवळजवळ तीस नाताळ मी तिचं थालीपीठ खाल्लंय."

मी रुमाल काढला. ती म्हणाली, "नाटक नको. संत्रं खा. आणि यातलं तिला काही सांगू नकोस."

"मुळीच नाही," मी म्हणालो. वाचकहो, अर्धी बाटली कधी गप्प राहिली आहे का?

त्याच संध्याकाळी खोक्यांच्या मधोमध उभं राहून मी सुरुवात केली. हातात माइक नव्हता, चिकटपट्टीची गुंडाळी होती. गैरसमज हे मैत्रीला लागलेलं ग्रहण असतं, असं प्रास्ताविक करून मी मूळ मुद्द्यावर आलो. आपल्याकडे बैल म्हटलं की शिवी. पण चिनी लोकांत बैल म्हणजे गौरव! आणि मावशी, तू तरी शेतकऱ्याची लेक. बेंदराला तुझ्या माहेरी बैलांची शिंगं कोण रंगवायचं? पुरणाची पोळी आधी कुणाच्या तोंडात जायची? घरच्या माणसाच्या की बैलाच्या?

मावशी स्टीलच्या वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "झालं तुझं निवेदन?"

"झालं."

"मुकुंदा, तिच्याबरोबर चाळीस वर्षं मी हा खेळ खेळले. पिवळा बैल म्हणजे काय, हे तू मला सांगणार?"

माझ्या हातातली गुंडाळी खाली पडून घरंगळत गेली.

"मग तू उठून का गेलीस त्या दिवशी?"

तिने हातातली वाटी बराच वेळ गुंडाळली. एकावर एक, तीन कागद. "मी जन्मभर त्यांना नंदीबैल म्हणत आले. चारचौघांत. लोक हसायचे, तेही हसायचे. आणि ती उठली आणि तेच जनावर घेऊन असं काही बोलली की सगळा हॉल उभा राहिला. माझ्या नवऱ्याबद्दल बोलायचं ते ती बोलली. मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं रे. मग कुठल्या तोंडाने तिच्यासमोर बसू?"

तेव्हा मी दिलेला शब्द मोडला. नाताळची सकाळ सांगितली, तो म्हातारा सांगितला, आणि डबा.

"अर्धी तिला?" मावशी म्हणाली.

"दरवर्षी."

"आणि मी विचारायची, एका माणसाला आठ थालीपीठं कशाला लागतात! तर मान हलवायचे." तिने डोळे पुसले नाहीत. उठून झोपायला गेली.

सकाळी व्हॅन आली. ड्रायव्हर आणि मी सामान चढवत होतो. समोरच्या घराचा पडदा एकदा हलला, पुन्हा बंद झाला. मावशीने घराला कुलूप घातलं, किल्ली एजंटच्या पेटीत टाकली आणि फाटकाशी येऊन थांबली. रस्ता पंधरा पावलांचा होता. ती निघेना.

मग समोरचं दार उघडलं. सिस्टर लिम सपाता घालूनच रस्ता ओलांडून आली. हातात एक छोटं प्लास्टिकचं भांडं आणि चमचा.

"व्हॅन चुकीची भरलीये," ती म्हणाली. "जड खोकी वर आहेत. याने भरली ना?" मान माझ्याकडे.

मग तिने मावशीचा उजवा हात घेतला, उलगडला आणि तळव्यावर चमचाभर दही ठेवलं. घरातलं कुणी बाहेरगावी निघालं की आपण ठेवतो तसं. निखिल परीक्षांना निघायचा, काका मुलाखतीला जायचे, तेव्हा मावशी हे फाटकाशीच करायची आणि समोरच्या खिडकीतून ते दिसायचं. दही गुलाबी होतं.

"स्ट्रॉबेरी," सिस्टर लिम म्हणाली. "दुकानात साधं नव्हतं."

मावशीने हात तोंडाशी नेला. सगळं दही खाल्लं, तळवा चाटून साफ केला, ती चाळीस वर्षं ज्या रस्त्यावर डॉक्टरीणबाई म्हणून वावरली त्याच रस्त्यावर. मग म्हणाली, "तू त्या दिवशी बोललीस ते बरोबर होतं. ते मी बोलायला हवं होतं."

"माहीत आहे."

"मग दोन वर्षं आली का नाहीस?"

"तू दार उघडलं नसतंस."

"नसतंच उघडलं," मावशी म्हणाली, आणि एकदम माझ्यावर ओरडली, "मुकुंदा! स्वयंपाकघराचं खोकं काढ खाली!"

ते अर्थातच सगळ्यात आत होतं. ड्रायव्हरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला कुठल्याच भाषेत चांगलं नाव नसेल. अर्ध्या तासाने, पाच खोकी फुटपाथवर मांडून, आम्ही चिकटपट्टी फाडली. मावशीने तळातून चेपलेला, कडीचा स्टीलचा डबा काढला आणि सिस्टर लिमच्या हातात दिला.

"रिकामा आहे," सिस्टर लिम आत बघून म्हणाली.

"मग पिनरला घेऊन ये. भरून देते. आठ."

लंडनच्या ट्रेनमध्ये मावशीने मधेच उजवा तळवा नाकाशी नेऊन वास घेतला. पिनरच्या दारात निखिलने विचारलं, "आईचा मूड कसा आहे?" मी सांगितलं, "चांगला आहे. फ्रीजमध्ये दही आहे का? साधं."

सांगलीला परतल्यावर आठ दिवस मी चॉर्लटनच्या गोष्टी रंगवून सांगत होतो. प्रत्येक वेळी मैत्री मीच जुळवलेली असे. बायको ऐकून घेई आणि म्हणे, "त्या सिस्टरबाईंनी तुम्हाला काय म्हटलं होतं ते सांगा ना लोकांना." खरं तर मी तिथे गेलो होतो मोठमोठी वाक्यं घेऊन, आणि तिथे लागलं होतं फक्त कुणीतरी डबा खाली काढून देणारं.

परवा बेंदूर झाला. मिरजेच्या रस्त्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याचा म्हातारा बैल नटून उभा होता. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरं, कपाळाला बाशिंग. रंगाने चक्क पिवळसर. मी फोटो काढून मावशीला पाठवला. तिने तो पुढे चॉर्लटनला पाठवला आणि आलेलं उत्तर मला कळवलं. सिस्टर लिमने लिहिलं होतं, "फार बारीक झालाय. खायला घाला त्याला."