मावशीच्या कानातला आवाज

मावशीला मी पहिल्यांदा गाताना ऐकलं ते आमच्या लालबागच्या चाळीच्या जिन्यावर, गिरणी संपाच्या वर्षी. ती शीव कोळीवाड्याची. डोक्यावर पाटी घेऊन आमच्या गल्लीतल्या चाळींमध्ये मासळी विकायला यायची, म्हणून ती सगळ्यांचीच मावशी. एरवी ती पाटी रिकामी करून लगेच निघायची. पण संप लांबला तसं घरोघरी मासळी घेणं कमी झालं आणि पाटी संपेना. मग ती जिन्याच्या वळणावर टेकायची, बायका तिच्याभोवती जमायच्या, आणि कुणी फारच आग्रह केला की कोळीवाड्यात लग्नात म्हणतात तसलं एखादं गाणं म्हणायची.

आवाज गोड नव्हता. त्याला धार होती, थोडी खरखर होती, आणि वरच्या पट्टीत जायच्या आधी ती एक अर्धवट श्वास असा घ्यायची की ऐकणाऱ्याचाही श्वास अडकायचा. माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. संपामुळे ते दिवसभर घरीच असायचे, चिडलेले, गप्प. मावशी गायला लागली की ते गॅलरीत येऊन कठड्याला टेकून उभे राहायचे. आईला एकदा म्हणाले, "हिच्या गळ्यात भोंगो बसवलेलो आसा." त्या महिन्यांत त्यांनी केलेला तेवढाच विनोद मला आठवतो.

मी तेव्हा परळला एका लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे नुकता कामाला लागलो होतो. वडिलांचा पगार बंद झाल्यामुळे कॉलेज सुटलं होतं. त्या वर्षी चाळीच्या पूजेला बाहेरचा ऑर्केस्ट्रा बोलवायची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून चाळीतल्याच लोकांनी कार्यक्रम करायचा ठरला आणि बायकांनी मावशीला बोलावलं. मी दुकानातून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे आणले. मावशीने माईकला तोंड लावून पहिली ओळ म्हटली आणि कर्णे फाटल्यासारखे ओरडले. मी धावत जाऊन तिला हातभर मागे सरकवलं.

"इथून गा, मावशी. तुझा आवाज त्याला झेपत नाय."

ती हसली, आणि पुढे कितीतरी वर्षं माईकपासून हातभर लांब उभी राहूनच गायली.

संप कधी संपला हे आम्हाला नीट कळलंच नाही. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. काही दिवस भायखळ्याच्या भाजीबाजारात एका ओळखीच्या गाळ्यावर बसले, मग गावी गेले आणि तिथेच राहिले. मी मुंबईतच राहिलो आणि साउंडच्याच धंद्यात मुरलो. मावशीच्या भाच्याने कोळीगीतांची पार्टी काढली. हळदी, लग्नं, गणपतीच्या मंडळांचे कार्यक्रम, आणि पुढे दादर-गिरगावच्या हॉलमध्ये तिकीट लावून शो. मुख्य गायिका मावशी आणि मिक्सरवर मी. तिने मासळीचा धंदा सुनेच्या हाती दिला.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्याच्या पायाशी एक स्पीकर तिरका ठेवतात. त्याला आम्ही मॉनिटर म्हणतो. दुसरे गायक त्यावरून माझा जीव खायचे. आवाज वाढव, कमी कर, ढोलकी जास्त येतेय. मावशीने कधी काही मागितलं नाही. एकदा मीच विचारलं, "तुला स्वतःचं ऐकू येतं का नीट?"

"मना कशाला यायला पायजे? समोरची बाई हलली की मना कलतं."

खरंच ती समोरच्यांकडे बघून गायची. पहिल्या रांगेतली एखादी बाई मान डोलवायला लागली की ती सूर तिथेच ताणून धरायची. कंटाळलेली दिसली तर पुढचं कडवं गाळून उडत्या चालीचं गाणं सुरू करायची, आणि वाजवणारे धावत तिच्यामागे जायचे.

पुढे हे जमेनासं झालं. भाच्याने कीबोर्डवाला आणला आणि मागची साथ आधीच रेकॉर्ड करून वाजवायला सुरुवात केली. त्या साथीबरोबर चालायचं तर कानात ठेका ऐकू यायला हवा. शिवाय पायाशी ठेवलेल्या स्पीकरमुळे छोट्या हॉलमध्ये माईक शिट्टी मारायचा. सगळ्या मोठ्या पार्ट्यांनी तोवर कानात घालायचे मॉनिटर घेतले होते. भाचा म्हणाला, आपणही घेऊ. त्यात काही चुकीचं नव्हतं. मलाही ते हवेच होते.

मी लॅमिंग्टन रोडच्या एका ओळखीच्या दुकानातून तीन जोड बघायला आणले. परळला एका शाळेचा हॉल आम्ही तालमीला घ्यायचो. एका दुपारी तिथे बसलो, मी, भाचा आणि मावशी. घरी मी तिन्ही जोड ऐकून ठेवले होते. आमच्याच एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावून पुन्हा पुन्हा ऐकले होते, त्यामुळे कोणता कसा आहे हे मला पाठ होतं.

पहिला जोड सर्वांत स्वस्त. त्यात खालचा, घुमणारा आवाजच नव्हता. ढोलकीचा डग्गा पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा लागायचा, आणि गाणं शेजारच्या घरातल्या रेडिओवर चालू असावं तसं. मावशीने दोन ओळी म्हटल्या आणि काढून ठेवला. "यो नको. कान दुखतान."

दुसऱ्याला फोमची बोंडं होती. ती बोटांनी चेपून कानात सोडली की फुगून कान बंद करायची. यात बेस भरपूर. ढोलकी डोक्याच्या आत वाजायची, आणि गाणाऱ्याचा आवाज तिच्यामागे जरा अंधुक, गोलसर यायचा. अचूक नव्हता. पण सुखाचा होता. मावशीने अख्खं गाणं म्हटलं, हाताने ठेका धरत. "यो बरा हाय," म्हणाली.

तिसरा महाग. वायर कानामागून वळवून घ्यायची. त्यात सगळं सुटं सुटं ऐकू यायचं. कोण कुठे उभं आहे, ढोलकीवर पूर्ण पंजा पडला की नुसती बोटं, सगळं. गाणाऱ्याचा "स" जरा टोचायचा, पण त्याखेरीज खोट काढायला जागा नव्हती. मी नुसता ऐकणारा असतो तर डोळे मिटून हाच घेतला असता.

मावशीने तो घातला, पहिली ओळ म्हटली आणि थांबली. परत तीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबली.

"यो माजा आवाज हाय?"

"हो."

"असा खरवरीत? नि मधीच ह्ये काय व्हतंय, दम लागल्यावानी?"

मी म्हटलं, "मावशी, माईकमध्ये जे जातं ते हा उघडं करून दाखवतो. लोकांना असं ऐकू येत नाही. हॉलमध्ये आवाज फिरतो, मिसळतो, मग त्यांच्यापर्यंत पोचतो."

तिने जोड कानातून काढला. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं मी अशी गायली, नि मना कुनी सांगितला नाय."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? लोकांना तेच तर आवडतं."

भाचा म्हणाला, दुसराच घेऊ. मीही तेच म्हटलं, आणि पैशाचा विचार करून नाही. तिने दुसऱ्यात गाताना हाताने धरलेला ठेका मी पाहिला होता. पण तिने तिसरा जोड मुठीत धरून ठेवला.

"योच घे. जे हाय ते आयकू दे मना."

सुरुवातीचे कार्यक्रम चांगले झाले. साथ आणि गाणं बरोबर चालायला लागलं, शिट्टी गेली, भाचा खूश होता. मग माझ्या लक्षात आलं की मावशी माईकच्या जवळ सरकली आहे. हातभर अंतर वीतभर झालं. ती हळू गात होती. खरखर झाकायची तर जोर कमी करायला हवा, आणि जोर कमी केला तर मला मिक्सरवर आवाज वाढवावा लागायचा. वाढवला की तिच्या कानात श्वास आणखी मोठा यायचा, आणि ती आणखी दबकून गायची. वरच्या पट्टीआधीचा तो अर्धा श्वास तिने आधी दाबला, मग सोडूनच दिला. साठीच्या पुढे गेलेली ही बाई दादरच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे जायला लागली. बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिला काही वाकडं सांगितलं नाही. सूर जास्त नेमका झाला. प्रत्येक कार्यक्रम संपला की ती माझ्याकडे यायची.

"आज कसा व्हता?"

"छान होता."

"खरखर?"

"नव्हती, मावशी."

हे मी खोटं बोलत नव्हतो. खरखर नव्हतीच.

वरळीला एका हळदीला आम्ही गेलो होतो. अंगणात बायका खुर्च्यांवर बसून होत्या. पूर्वी मावशीच्या दुसऱ्या गाण्याला निम्मं अंगण उठलेलं असायचं. त्या दिवशी कुणी उठलं नाही. पुढे बसलेली एक म्हातारी ओरडली, "जोरात गा गो, कोलनी हाईस ना?" मी मिक्सरवर ऐकलं. मावशीचे कान बंद होते, तिला ऐकू गेलं नाही. ती समोर बघतही नव्हती. मान किंचित वाकडी करून स्वतःच्याच कानात बघत असल्यासारखी उभी होती.

त्यानंतर मी स्टेजच्या कडेला लोकांकडे तोंड करून एक माईक लावला आणि त्याचा आवाज तिच्या कानात थोडा सोडला, म्हणजे टाळ्या, बोलणं, हसणं तिला कळेल. तिने पहिल्याच गाण्यानंतर हाताने खूण करून बंद करायला लावलं. "गोंधल व्हतो," म्हणाली. मग एकदा दुकानातून तो दुसरा जोड परत आणून दिला. तालमीत तिने घातला आणि लगेच काढला. "यो लाडीगोडी लावतो." एकदा जे ऐकलं ते विसरता येत नव्हतं तिला. माझ्याकडे त्यावर उपाय नव्हता.

शेवटचा कार्यक्रम प्रभादेवीला, एका मंडळाच्या मांडवात. ऐन वेळी कानातल्या जोडाला आवाज देणारा तिच्या कमरेचा रिसीव्हर बंद पडला. बॅटरी बदलली तरी चालेना. मी पायाशी जुना स्पीकर लावला आणि तिला म्हटलं, "मावशी, आज पूर्वीसारखी गा. कानात काही नको." मला मनातून आनंदच झाला होता. वाटलं, आज ती सुटेल.

तिने सुरुवात केली. उजवा हात आपोआप कानावर गेला. मग दुसराही जायला लागला, तर त्या हातात माईक. समोर पोरं उभी होती, बायका होत्या, सगळे तिच्याकडे बघत होते. तिने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्याच्या आधी तिने माईक मागे उभ्या असलेल्या भाच्याच्या मुलीकडे दिला आणि बाजूला जाऊन खुर्चीवर बसली. पोरगी चांगली गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनेही वाजवल्या.

त्यानंतर ती आली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. भाचा घरी जाऊन विनवून आला, तिने नुसतं "बस झाला आता" म्हटलं. ती पोरगी आता पार्टीची मुख्य गायिका आहे. कानात मॉनिटर घालूनच ती गायला शिकली, तिला त्याचा काही त्रास नाही.

नवीन गायक मला अजून विचारतात, कोणता जोड घेऊ? मी ऐकून बघतो आणि जो खरा ऐकवतो त्याचं नाव सांगतो. दुसरं काय सांगणार? पण सांगताना दर वेळी ती शाळेतली दुपार आठवते. मी आधी फक्त दुसराच जोड दाखवला असता तर, हा विचार येतो. पण ती स्टेजवर उभी राहणार होती, तिच्याच कानाचा प्रश्न होता, आणि तिने मागितलं ते तिला न देणारा मी कोण?

मागे एकदा शीव कोळीवाड्यात तिच्या घरी गेलो. थकली होती. नातवंडांबद्दल बोललो, माझ्या वडिलांची आठवण निघाली. निघताना न राहवून विचारलं, "घरात तरी गातेस का?"

"गाते की," ती म्हणाली. "पन गाता गाता आयकाया लागते. मंग थांबते."

तिनेच विषय बदलला. टीव्हीचा आवाज बारीक येतो, जरा बघ, म्हणाली. मागची वायर सैल झाली होती, ती मी घट्ट बसवली. मालिका लागली. ती पलंगावर पाय वर घेऊन बघायला लागली, मीही थोडा वेळ बसलो, आणि चहा पिऊन निघालो.