वाकायची मनाई

मला काचबिंदू झालाय हे आमच्या नात्यात कोणी मानायलाच तयार नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदूचं, पट्टी निघाली की लख्ख दिसतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण चहा यायच्या आधी माझ्यासमोर बोटं नाचवायचा. आयुष्यभर शाळेत पोरांच्या परीक्षा घेतल्या, त्याचा सूड उगवल्यासारखी सगळी माझी परीक्षा घेत होती.

खरं म्हणजे माझ्याकडे दाखवण्यासारखं नवीन काही नव्हतंच. उजव्या डोळ्यात नुसता उजेड उरला होता. डाव्यात मधला एक गोल तेवढा शिल्लक होता, तोही दिवसेंदिवस आक्रसत चाललेला. औषधाच्या थेंबांना डोळ्यातलं प्रेशर जुमानेना, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून आतलं पाणी झिरपायला डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीखाली एक बारीक वाट करून दिली होती. ती नीट बसेपर्यंत वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही आणि शौचाला जोर करायचा नाही. या शेवटच्या अटीची चौकशी नवरा रोज सकाळी संडासाच्या दाराबाहेर उभा राहून मोठ्यानं करायचा. अख्ख्या गल्लीला माझ्या पोटाची खबर होती.

अशात खाप्याहून आत्या आली. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेली, पण आवाज असा की खालच्या फाटकातूनच कळावं. आमच्यात आत्या दारात आली की वाकायचं, हे चालता यायला लागल्यापासून अंगात भिनलेलं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि मी सरळ वाकून तिच्या पायांवर डोकं टेकवलं. विचार मागाहून आला, कंबर आधी वाकली होती.

"अवं, वाकून काहून राहिली!" स्वयंपाकघरातून झारा घेऊन नवरा ओरडत आला. आत्याचा आशीर्वाद अर्ध्यावरच राहिला.

मी उठले तर डोळ्यात कळ आली आणि पाणी वाहायला लागलं. मी घाबरले. अशी घाबरले की नवऱ्याशी भांडायचंही सुचलं नाही, यावरूनच काय ते समजा. माझे वडील याच आजारानं आंधळे झाले होते. तेव्हा घरात कुणाला काही कळलं नाही. म्हातारपण आहे, असं म्हणून सगळे गप्प बसले. शेवटची वर्षं त्यांना हात धरून अंगणात नेऊन बसवायची ती हीच आत्या.

ऑटो करून आम्ही तिघं रामदासपेठेत दवाखान्यात पोचलो. वाटेत नवरा आम्हा दोघींना आळीपाळीनं रागावला. आत्या एरवी त्याला दोन शब्दांत गार करते, पण त्या दिवशी पदर तोंडाशी धरून ती नुसती माझ्या डोळ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, पापणी उचलून पाहिलं, प्रेशर मोजलं. "वाट शाबूत आहे. प्रेशरही छान उतरलंय," ते म्हणाले. "पण पुन्हा वाकलात तर मी जबाबदार नाही."

"मंग हिले दिसाले कधी लागन?" आत्यानं विचारलं.

"गेलेली नजर परत येत नाही, आजी. आहे ती टिकावी म्हणून हे केलं. आज तरी होती तेवढी आहे. पुढेही थेंब आणि तपासणी सोडायची नाही."

आत्या म्हणाली, "म्हणजे दादाची बी राहिली असती?"

मी तिचा हात धरला आणि भर दवाखान्यात दोघी रडलो. डॉक्टरांनी डोळे पुसायला कापूस दिला आणि चोळू नका म्हणून वर बजावलं.

दुसऱ्या दिवशी आत्या परत निघाली. नमस्कार केल्याशिवाय मी तिला जाऊ देईना, आणि वाकायला ती मला देईना. शेवटी तिनंच तोड काढली. मला बुटक्या स्टुलावर ताठ बसवलं, नवऱ्याचा खांदा पकडला आणि चपला काढून दिवाणावर चढून उभी राहिली.

"हं, घे आता पाय," ती म्हणाली. "मान खाली घालशीन तं देईन एक."

नवरा घामाघूम. "आत्याबाई, पडसान तं तुमालेच भरती करा लागन!"

मी हात पुढे केले. माझ्या त्या गोलात तिचे पाय आणि तिचा चेहरा एकाच वेळी मावत नव्हते. पाय मी चाचपून शोधले आणि नजर वर ठेवली. आजवर शेकडो वेळा तिच्या पाया पडले असेन, पण आशीर्वाद देताना ती डोळे मिटून घेते आणि तिची हनुवटी थरथरते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.